मसाई मारातला उपास

पुंडलिकनगर

परदेशी जाऊन आलेला माणूस आधी तिथल्या रस्त्यांचं कौतुक सांगतो. मी सांगणार नाही, कारण नैरोबीहून मसाई माराला जाणाऱ्या रस्त्याचा शेवटचा तुकडा आमच्या सोयगावच्या रस्त्यासारखाच आहे आणि तेवढ्यासाठी विमानात बसायची गरज नव्हती. दुसरा प्रश्न असतो सिंहाचा. पाहिला. पण त्याच्यापाशी थांबलो नाही. का थांबलो नाही, हे भेटेल त्याला सांगून मी दमलो, म्हणून आता लिहून काढतो आहे.

माझी मुलगी पल्लवी नवऱ्याच्या नोकरीमुळं नैरोबीत राहते. तिनं आम्हा दोघा नवराबायकोला बोलावलं होतं. पण आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल हे फक्त पाणी सोडणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, आणि तो सांगत नाही. बायको म्हणाली, आपण दोघंही तिकडं गेलो आणि इकडं पाणी आलं तर मोटर कोण लावणार? आमच्या घरात या प्रश्नापुढं आजवर कुणाचं काही चाललेलं नाही. ती राहिली. तिच्या जागी पल्लवीनं आत्याचं नाव सुचवलं.

पल्लवीची आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. ती सोयगावकडं डोंगराच्या पायथ्याला राहते. मका आणि कापूस असतो. मुलगा शेत करतो आणि अक्का राखण करते. डोंगरातून रोही, म्हणजे नीलगायी, उतरतात, डुकरं येतात, आणि रानातल्या माळ्यावर बसून त्यांना हाकलायचं हे तिचं लग्न झाल्यापासूनचं काम आहे. तिच्या ओरडण्याला शिवारात मान आहे. ती ओरडली की शेजारच्या रानातलीही रोही निघून जातात, आणि शेजारी दर सुगीला न मागता टोपलीभर कणसं आणून देतो.

मी वाळूजच्या एका कारखान्यात जन्मभर क्वालिटीत होतो. आलेला माल पास करायचा नाहीतर परत पाठवायचा. निवृत्त झालो तरी ती खोड गेलेली नाही, असं घरचे म्हणतात. अक्काला न्यायची कल्पना मी परत पाठवणार होतो. तिला शुगर आहे, रोजची गोळी आहे. शिवाय ज्या बाईनं जन्मभर जनावरं हाकलली, तिला पैसे खर्चून जनावरं दाखवायला न्यायचं, हे मला पटत नव्हतं. पण अक्काच तयार झाली.

"मी रोहीचं तोंड कधी धड बघितलंच नाय," ती म्हणाली. "मी बघते तवर त्यानं पाठ फिरवलेली असती."

पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. अक्कानं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि परदेशात उपाशी राहायची वेळ येऊ नये म्हणून सगळं फडक्यात घट्ट बांधून घेतलं. हे फडकं वाचकांनी लक्षात ठेवावं.

नैरोबी

आफ्रिका म्हणजे ऊन, अशा समजुतीनं आम्ही गेलो. नैरोबीत पहिल्या दिवशी जावयाचा स्वेटर मी घातला आणि पल्लवीची शाल अक्कानं. विमानतळावर अधिकाऱ्यानं फडकं सोडायला लावलं होतं. त्यानं चटणी हुंगली, दोनदा शिंकला आणि पुढं जायची खूण केली.

अक्काला नैरोबी आवडलं, कारण तिथं दुधाचा चहा मिळतो, त्याला चायच म्हणतात, आणि चपातीलाही चपातीच म्हणतात. दुकानाला दुका म्हणतात, गाडीला गारी. भेटलेला माणूस "हबारी?" विचारतो, म्हणजे काय खबर. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या उर्दू कानावर पडलेली, त्यामुळं अक्काला यात काहीच विशेष वाटलं नाही. ती सगळ्यांना "खबर बरी हाय" असं उत्तर द्यायची आणि लोक समाधानानं मान हलवायचे. माझं इंग्रजी मात्र प्रत्येकाला दोनदा सांगावं लागत होतं.

मारा, पहिली संध्याकाळ

आमच्या गाडीचा चालक जोसेफ. उंच, शांत माणूस, आणि छप्पर वर उचललेली त्याची गाडी. त्यानं निघण्याआधी नियम सांगितले: खाली उतरायचं नाही, जनावरांना खायला द्यायचं नाही, आवाज करायचा नाही. पल्लवीनं त्याचं मराठी केलं. अक्कानं तिन्ही नियमांना मान डोलावली. माझी, पल्लवीची आणि जोसेफची, तिघांचीही त्याबद्दल साक्ष आहे.

संध्याकाळच्या उन्हात नजर पोचेल तिथवर जनावरं चरत होती. झेब्रे, विल्डबीस्ट, हरणांच्या नाना जाती. मी पाहिलेलं प्रत्येक चित्र इथं खरं होतं, आणि खरं सांगायचं तर ऊर भरून आला. अशा वेळी काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "बरीच आहेत." पल्लवीनं माझ्याकडं पाहिलं आणि दुर्बीण डोळ्याला लावली.

एका वळणावर इलँड नावाचं जनावर उभं होतं. आपल्या रोहीचा थोरला भाऊ म्हणावा असं अंग, गळ्याखाली लोंबती पोळी. गाडी जवळ गेली तरी ते हललं नाही. अक्का सीटवरून उठून छपरातून बाहेर डोकावली. ते तिच्याकडं पाहत रवंथ करत राहिलं आणि ती त्याच्याकडं.

हे पळत का नाही, असं तिनं पल्लवीकरवी विचारलं. इथं कुणी हाकलत नाही, असं जोसेफचं उत्तर आलं. अक्कानं त्याला पुन्हा एकदा डोळाभर पाहून घेतलं. मग खाली बसून म्हणाली, डोळे लई मोठे हायत.

मुक्कामाच्या तंबूवजा हॉटेलात जेवणाची रांग होती. पांढऱ्या मक्याच्या पिठाचं उगाली नावाचं घट्ट प्रकरण असतं, ते अक्कानं चाखून पाहिलं आणि मक्याचा असा अपमान आपण पहिल्यांदा पाहिला असं जाहीर केलं. पण ताट स्वच्छ केलं. ताटात टाकणं तिला मान्य नाही.

दुसरी सकाळ

पहाटेच निघालो. हवेत गारठा, गाडीचा झोका, आणि अक्का शाल गुंडाळून बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागली. माळ्यावरही ती अशीच झोपते. डोळे मिटलेले, कान जागे.

जोसेफला बिनतारी यंत्रावर कुणीतरी काही सांगितलं आणि त्यानं गाडी वळवली. एका ओढ्याकाठी आधीच चार गाड्या इंजिन बंद करून उभ्या होत्या. कुणी श्वासही मोठ्यानं घेत नव्हतं. जोसेफनं बोटानं दाखवलं तेव्हा मला चित्त्याची मादी दिसली. गवतात पोट टेकून ती सरकत होती. वाळलेल्या बिबट्यासारखं अंग आणि डोळ्यांतून काजळ ओघळल्यासारख्या दोन काळ्या रेघा. तिच्यापुढं हिरव्या, गुडघ्याएवढ्या गवताचा पट्टा होता, पेरून महिना झालेल्या ज्वारीसारखा. त्या हिरव्यात चार-पाच हरणं चरत चरत शिरली. मादी थांबली. पुढचा पाय उचलला.

नेमका तेव्हा अक्कानं डोळा उघडला. तिला चित्ता दिसला नाही. तिला दिसलं हिरवं रान आणि आत शिरलेली जनावरं.

ती जी ओरडली ते अक्षरात लिहिता येत नाही. सुरुवात "हुर्रर्र" अशी असते आणि शेवट डोंगरापलीकडं होतो. हरणं उधळली. ओढ्यातले पक्षी उठले. शेजारच्या गाडीत कॅमेऱ्याला हंड्याएवढं भिंग लावून बसलेल्या गोऱ्या माणसानं भिंग खाली ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. चित्त्याची मादी उठून बसली आणि तिनं सरळ आमच्या गाडीकडं पाहिलं.

वनरक्षकाची गाडी आली. तो जोसेफशी हळू आवाजात बोलला, म्हणून ते जास्त लागलं. आम्हाला तिथून निघायला सांगितलं. पल्लवीचे कान लाल झाले होते. मी मनातल्या मनात अक्काला परत पाठवलं होतं. पण निघता निघता झुडपातून तीन पिल्लं बाहेर आली. पाठीवर धुरकट केस, पाय लटपटते. ती आईपाशी गेली, तिच्या पुढ्यात काही नाही हे पाहिलं आणि तिच्या तोंडाला हुंगू लागली.

अक्कानं ते पाहिलं. पदर तोंडावर धरला तो मुक्काम येईपर्यंत काढला नाही.

न्याहरीला ती टेबलाशी बसली, पण ताट घेतलं नाही. पल्लवीनं आणून ठेवलं तर बाजूला सरकवलं.

"भरल्या ताटावरून उठवलं मी तिला," अक्का म्हणाली. "लेकुरवाळीला. ती जेवंल तवा मी जेवन."

मी कारखान्यातला माणूस, मुद्द्यानं बोललो. चित्त्याच्या बऱ्याच शिकारी अशाही हुकतात, हे जोसेफनंच सांगितलं होतं. ती हुकली असतीच कदाचित. त्यावर अक्काचं म्हणणं असं की तिचं तिच्या हातून हुकलं तर ते तिचं नशीब, पण आजचं हुकलं ते माझ्यामुळं. या बोलण्यात खोट सापडते का, हे मी दिवसभर तपासलं. सापडली नाही, आणि त्याचा मला जास्तच राग आला.

राग गोळीचाही होता. शुगरची गोळी उपाशीपोटी घेता येत नाही, म्हणून तिनं गोळीही बंद केली. दुधाचा बिनसाखरेचा चहा तेवढा चालू ठेवला, कारण चहा हा तिच्या मते खाण्यातही येत नाही आणि पिण्यातही. पल्लवी रडकुंडीला आली. तिथल्या धिप्पाड आचाऱ्याला वाटलं त्याच्या हाताला चव नाही. त्यानं आधी सूप आणलं, मग उकडलेले बटाटे, मग कापलेली पपई, आणि शेवटी हात बांधून उभा राहिला. पल्लवीनं त्याला खरी गोष्ट सांगितली. तो स्वयंपाकघरात गेला आणि दुपारपर्यंत सगळ्या मुक्कामाला कळलं.

जोसेफला सांगताना मला लाज वाटत होती. आधीच त्याला आमच्यामुळं बोलणी बसली होती. आता त्याला सांगायचं की उरलेले दिवस आम्हाला पाणघोडे नकोत, नदी नको, फक्त ती मादी जेवली का ते बघायचं आहे. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "सावा," म्हणाला, म्हणजे ठीक. मग यंत्र उचलून साऱ्या चालकांना तीन पिल्लांच्या मादीचा पत्ता विचारू लागला.

त्या दुपारी ती सापडली नाही. संध्याकाळी परतलो तेव्हा दारातच वाढप्यानं विचारलं, "डूमा?" चित्त्याला तिकडं डूमा म्हणतात. अक्कानं मान हलवली. तो हळहळला. आतून आचाऱ्यानं डोकावून तेच विचारलं.

तिसरा दिवस

सकाळी सिंह दिसला. एकट्या झाडाखाली, पूर्ण आयाळीचा, कॅलेंडरवर असतो तसा. भोवती गाड्यांचा घोळका होता. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबू. अक्कानं एकदा पाहिलं आणि म्हणाली, झोपलाय तो, पोट भरलंय त्याचं, चला. जोसेफनं आरशातून माझ्याकडं पाहिलं, मग अक्काकडं पाहिलं, आणि गाडी पुढं काढली. इतक्या लांब जाऊन मी सिंह चालत्या गाडीतून पाहिला, जालना रोडवरून ओळखीचं दुकान बघावं तसा.

उन्हं चढल्यावर ती मादी दिसली. चालत होती. कुशी आत गेलेल्या, मागं तिन्ही पिल्लं रांगेत. जोसेफनं गाडी पार लांब उभी केली. तिनं एक हरीण हेरलं, पळाली, आणि ते पळणं मी जन्मात विसरणार नाही. पण हरीण शेवटच्या क्षणी वळलं आणि धुरळा तेवढा उरला. ती धापा टाकत बसली. अक्का हात जोडून बसली होती, ते मला नंतर दिसलं.

दुपारी पाऊस आला आणि गाडीचं चाक रुतलं. उतरायची बंदी, म्हणून दुसरी गाडी ओढायला येईपर्यंत आत बसून राहिलो. चाकांनी उपसलेली माती अक्का खिडकीतून बघत होती. काळी, चिकट, लोण्यासारखी. "ही तर आपलीच माती हाय की," ती म्हणाली. मक्याला चांगली, असंही म्हणाली. आवाज मऊ येत होता. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मुक्कामावर उतरताना तिचा पाय लटपटला आणि ती पायरीवरच बसली. हात कापत होते, कपाळावर घाम. पल्लवी धावली. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडतो.

"अक्का, तू इथं पडलीस तर मी तुझ्या पोराला काय तोंड दाखवू?" मी म्हणालो. "तुला त्या जनावराची पडलीय, आमची नाही?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग पल्लवीला म्हणाली, केळं आण. केळं खाल्लं. दुसरं खाल्लं.

"केळं म्हंजी फराळ," अक्का म्हणाली. "फराळ म्हंजी जेवण नव्हं. उपासाला चालतं."

दोन दिवस हे केळं टेबलावर तिच्यासमोरच पडलेलं होतं. तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि तिचा हात धरून ठेवला. लहानपणी ती माझा धरायची, तसा. कापणं हळूहळू थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला नैरोबीला परतायचं होतं, आणि ती मादी उपाशी राहिली तर ही बाई केळ्यांवर विमानात बसणार, हे मला कळून चुकलं होतं.

शेवटची सकाळ

सामान गाडीतच भरून निघालो. आचारी बाहेरपर्यंत सोडायला आला. अक्कानं फडकं मांडीवर घेतलं होतं. का घेतलंस, असं मी विचारलं नाही.

जोसेफ यंत्रावर बोलत होता, ऐकत होता, मान हलवत होता. दोनदा उगीच वळसे झाले. मग एका चढावर त्यानं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मागं वळून अक्काला थेट म्हणाला, "मामा, डूमा." आईला तिकडं मामा म्हणतात, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं.

बाभळीसारख्या झाडाखाली ती बसली होती. पुढ्यात हरीण. चौघंही जेवत होती. पिल्लांची तोंडं लाल झाली होती आणि एक तर अख्खं आत शिरलं होतं. मधूनच आई मान वर करून चारी दिशांना बघायची आणि पुन्हा खाली घालायची.

अक्कानं फडकं सोडलं. दशमी काढली, वर चटणी घेतली, आणि त्यांच्याकडं बघत जेवायला लागली. जोसेफलाही एक दशमी दिली. चटणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं संपवली. गाडीत थोडा वेळ फक्त चावण्याचा आवाज होता. पल्लवी रडत होती आणि हसत होती. मला फार बरं वाटत होतं.

आणि मग उताराखालून तरस आलं.

एकटंच होतं. खांदे वर, मान खाली, कसलीही घाई नसलेलं. चित्त्याच्या तोंडचा घास पळवून नेणं हा त्याचा रोजचा धंदा आहे आणि चित्ता त्याच्याशी भांडत नाही, हे जोसेफनं आम्हाला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. पिल्लं अजून खात होती. आईची मान खाली होती.

एका ओरडण्याचं काम होतं. ते तरस थेट टांझानियात गेलं असतं. जोसेफ आरशात अक्काकडं बघत होता. पल्लवीनं तिचं मनगट धरलं. आणि सांगायला संकोच वाटतो, पण माझ्याच छातीतून ती "हुर्रर्र" वर येत होती. जन्मात कधी राखण न केलेला मी, तोंड उघडून बसलो होतो.

अक्कानं उरलेल्या दशमीचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या तोंडात कोंबला, गाल फुगेपर्यंत. दुसरा माझ्या उघड्या तोंडात घातला. घास तोंडात असला की ओरडता येत नाही. आम्ही दोघं भाऊबहीण डोळे विस्फारून चावत राहिलो.

आईनं मान वर केली. तरस अजून लांब होतं. तिनं ते पाहिलं, एका पिल्लाचं तोंड चाटलं, आणि उठली. पळाली नाही. चालत निघाली, मागं तिन्ही पिल्लं, पोटं अशी तट्ट की चालताना हलत होती. तरस पोचलं तेव्हा त्याला हाडं आणि कातडं मिळालं.

अक्कानं घास गिळला, पाणी प्यायली.

"आपणहून उठली," ती म्हणाली. "जेवून उठली."

मग पिशवीतून गोळी काढून घेतली. जोसेफनं गाडी सुरू केली आणि वाटेत ज्या ज्या चालकाची गाडी दिसली त्याला खिडकीतून काहीतरी ओरडून सांगितलं. आम्हाला त्यातलं एवढंच कळलं: मामा, डूमा, चपाती.

पुंडलिकनगर, पुन्हा

आम्ही नसताना पाणी एकदाच आलं आणि बायकोनं मोटर लावली. आपलं राहणं योग्यच होतं, असं ती अजून सांगते.

मका हुरड्यात आला तेव्हा एका संध्याकाळी मी अक्काला फोन केला. ती माळ्यावर होती. शुगर किती, गोळी घेतेस का, असं चाललं होतं. मधेच ती म्हणाली, "थांब. रोही आलंय येक."

मी सवयीनं फोन कानापासून हातभर लांब धरला. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा कानाला लावला. नुसता वाऱ्याचा आवाज, मक्याच्या पानांचा.

"गेलं का?" मी विचारलं.

"नाय. खातंय."

"अगं मग हाकल की."

"दोन घास खाऊ दे," अक्का म्हणाली.

मी थांबलो. तिकडं तीही थांबली. बरंच थांबलो.

"बापू," ती हळूच म्हणाली, "आता धर फोन लांब."